दप्तरात मावा सापडला, आता कॅन्सरचा स्लाइड शो ठेवू का?

एका झेडपी शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: सातवीतल्या दोन पोरांच्या दप्तरात मावा (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला) सापडला. त्यातला एक जण भाजी तिखट लागते म्हणून डब्यातली कोरडी भाकरीच खातो. शाळा व्यवस्थापन समितीतले काही जण म्हणतायत दाखले देऊन मोकळे व्हा, आणि एक संस्था कॅन्सरच्या फोटोंचा स्लाइड शो फुकट करून द्यायला तयार आहे. तर तो ठेवू का, आणि वर्षभर नेमकं करू तरी काय?

बाई, स्लाइड शो नको आणि दाखले तर अजिबात नको. मी समुपदेशक म्हणून बरीच वर्षं शाळाशाळांतून हेच काम करतोय, त्यामुळे जरा लांबण लागेल, पण सगळं सांगतो.

आधी त्या कोरडी भाकरी खाणाऱ्या पोराचं. बाकीचं वर्षभर चालेल, हे याच आठवड्यात करायचंय. त्याला एकट्याला बाजूला घ्या, वर्गासमोर नाही, आणि त्याचीच तीन बोटं (अंगठ्याशेजारचं, मधलं आणि त्याच्या पलीकडचं) उभी जुळवून तोंडात घालून बघायला सांगा. दोनवरच अडकलं तर तोंड कमी उघडायला लागलंय. तीन सहज गेली तरी तिखट झोंबतंय म्हणजे दाखवायचंच. गालाच्या आतली कातडी पांढरट आणि ताठ होत जाते, त्याला डॉक्टर लोक ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, आणि ते मुख्यतः सुपारीने होतं, तंबाखूने नाही, हे पालकांना माहीतच नसतं. ते म्हणतात अहो तंबाखू नाही खात तो, नुसती गोड सुपारी खातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 सालीच सुपारीला तंबाखूशिवायसुद्धा कॅन्सरकारक ठरवलंय. एकदा ताठरलेलं पूर्ण सैल होत नाही पण सुपारी थांबली की पुढे सरकणं बऱ्याचदा थांबतं, म्हणून आत्ता सापडलाय हे नशीबच समजा. आईवडलांपैकी एकाला सोबत घेऊन ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दातांच्या डॉक्टरांकडे पाठवा. शाळा तपासणीची आरबीएसकेची (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची) गाडी येईल तेव्हा बघू असं करू नका, ती वर्षातून एकदा येते.

दाखल्याचं म्हणाल तर ते कायद्यातच बसत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 16, आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. समितीत एवढं वाचून दाखवलंत की निम्मा आवाज बसेल. पण कायदा सोडा, व्यवहाराने बघा. शाळा सुटलेलं पोर दिवसभर कुठे असतं? टपरीच्या बाकड्यावर. शाळेत त्याला निदान दहा ते पाच तोंड रिकामं ठेवावं लागतं, चार मास्तर ओळखतात, कबड्डीत नाव आहे, हे सगळं एका सहीने काढून घ्यायचं आणि मग म्हणायचं बघा बिघडला.

आता स्लाइड शो. फोटो बघून पोरं हादरतात हे खरंय, पहिली दहा मिनिटं चिडीचूप. पुढे काय होतं ते एकदा मागच्या बाकावर बसून बघा. ज्याच्या खिशात पुडी आहे तो हसायला लागतो, कारण त्याला घाबरल्याचं दाखवायचं नसतं, आणि ज्याने कधी हात लावला नाही तो म्हणतो आमचा आजा चाळीस वर्षं खातोय, त्याला कुठं काय झालं. बारा वर्षांच्या पोराला पन्नाशीतल्या कॅन्सरचं काही देणंघेणं नसतं, त्याची अडचण आज संध्याकाळी पाचची आहे, सायकल स्टँडमागे मित्राने पुडी पुढे केली की काय बोलायचं ही. त्यावर स्लाइड शोमध्ये एक अक्षर नसतं.

आणि हे माझं एकट्याचं मत नाही. संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थविषयक कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून 2018 मध्ये प्रतिबंधाच्या आंतरराष्ट्रीय निकषांची सुधारित आवृत्ती काढली, त्यात लिहिलंय की नुसती माहिती देणं, भीती घालणं, व्याख्यान झोडणं आणि व्यसनातून सुटलेल्या माणसाला पोरांपुढे उभं करून त्याची कहाणी ऐकवणं, याने शाळेत उपयोग दिसत नाही, कधी उलटतंसुद्धा. अमेरिकेत 1983 ला लॉस एंजेलिसमध्ये डेअर नावाचा कार्यक्रम निघाला, पोलीस वर्गात येऊन शिकवायचे, टीशर्ट, स्टिकर, शपथा, देशभर पसरला. मोजून बघितलं तेव्हा कार्यक्रम झालेल्या आणि न झालेल्या पोरांत फरक जवळपास नव्हताच, शेवटी अभ्यासक्रमच बदलावा लागला. आपल्याकडे अजून शपथेचा फोटो काढून ग्रुपवर टाकला की झालं अभियान!

मग कशाने होतं? आपल्याच देशातलं उदाहरण देतो. 2004 ते 2006 मध्ये दिल्ली आणि चेन्नईच्या 32 शाळांत मैत्री नावाचा प्रकल्प झाला, सहावी आणि आठवीच्या मुलांबरोबर. वर्गातले खेळ, गटचर्चा, त्यांच्यातलीच मुलं गट चालवणारी, पालकांसाठी पत्रकं, पोस्टर, असं सगळं दोन वर्षं. ज्या शाळांत काही केलं नाही तिथे तंबाखूचं प्रमाण 68 टक्क्यांनी वाढलं आणि जिथे केलं तिथे 17 टक्क्यांनी घटलं. लक्षात घ्या, दोन वर्षं, एक दुपार नाही. आणि सुरुवातीच्या पाहणीत असं निघालं की सहावीची मुलं आठवीच्या मुलांपेक्षा जास्त खात होती. म्हणजे आपण आठवी-नववीला व्याख्यान ठेवतो तोवर गाडी निघून गेलेली असते. 2019 च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात 13 ते 15 वयाची आपल्या देशातली साडेआठ टक्के मुलं तंबाखू घेणारी निघाली, आणि खायच्या तंबाखूची सुरुवात निम्म्या जणांनी दहाव्या वर्षाच्या आतच केलेली होती. तेव्हा तुमचं काम चौथी-पाचवीपासून धरा. लहानांना व्यसनाचं नावसुद्धा काढायची गरज नाही, राग आला तर काय करायचं, नको कसं म्हणायचं, दात कसे घासायचे, इथून सुरू.

आता अवघड भाग, मोठी माणसं. 2016-17 च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात जवळपास दर चौथा मोठा माणूस खायची तंबाखू घेणारा होता, आणि त्यात मास्तर, शिपाई, समितीचे सदस्य, स्वयंपाकाच्या ताई सगळेच आले. पोरगं घरी बापाला तळहातावर चुना मळताना बघतं, आजीला सकाळी मशेरी लावताना बघतं आणि शाळेत येऊन सरांचा फुगलेला गाल बघतं, वर तुम्ही त्याला सांगणार तंबाखू वाईट. त्याला सगळं कळतं हो. म्हणून माझा कुठल्याही शाळेत पहिला तास पोरांचा नसतो, स्टाफरूमचा असतो, दार लावून. कुणाला लाजवायचं नाही, सोडा असंही लगेच म्हणत नाही, फक्त एवढंच ठरवायचं की फाटकाच्या आत कुणाच्याही तोंडात बार नसेल, मग ते अधिकारी असोत की सरपंच. ज्याला सोडायचंय त्याला 1800-11-2356 हा क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेचा नंबर, फुकट आहे, मराठीतही बोलतात. आणि एक गोष्ट मात्र कडक सांगायची, पोराला पुडी आणायला टपरीवर पाठवायचं नाही म्हणजे नाही. साधी वाटते पण मुलाला तंबाखू देणं हा बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा गुन्हा आहे, आणि आपण त्याच्याच हातात पैसे देऊन पुडी मागवतोय.

मैदानाचंही बघा. गावात लग्न, निवडणूक, आठवडी बाजाराची गर्दी, सगळं शाळेच्या मैदानात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुड्यांचे कागद, पिचकाऱ्या, कधी क्वार्टरच्या बाटल्या, आणि झाडतात कोण तर पाचवीची पोरं. मैदान देताना सफाईची अनामत घ्या आणि पोरांकडून ते कागद उचलून घेऊ नका. कागदात उरलेली चिमूट चाखून बघितल्याच्या गोष्टी मला पोरांनीच सांगितल्यात.

टपरी हा विषय सगळे टाळतात कारण टपरीवाला कुणाचा तरी मामा असतो. तंबाखू नियंत्रणाचा कोटपा कायदा 2003, त्याचं कलम 6, शाळेपासून 100 यार्डांत म्हणजे साधारण 91 मीटरच्या आत तंबाखू विकायची नाही आणि अठराच्या खालच्याला कुठेच विकायची नाही. इथे एक गंमत आहे. टपरीवाला रस्त्याने पावलं मोजून दाखवतो, बघा सव्वाशे भरतंय. पण अंतर रस्त्याने मोजायचंच नसतं, शाळेच्या कुंपणापासून सरळ रेषेत चहूबाजूंनी मोजायचं असतं. लांब उडीची टेप घ्या, आठवीची पोरं घ्या, भूगोलाचा तास म्हणून शाळेचा नकाशा काढून त्यावर वर्तुळ मारा, आणि रस्त्यावर जिथे हद्द येते तिथे पिवळी रेघ ओढा. केंद्राच्या 2019 च्या तंबाखूमुक्त शाळा मार्गदर्शिकेत ही रेघ सांगितलेलीच आहे. मावा तर राज्यात विकायलाच बंदी आहे, 2012 ला गुटखा आणि पुढच्या वर्षी मावा-खर्राही त्यात आला, तेव्हा रेघेच्या बाहेरसुद्धा तो विकता येत नाही. तरी पहिल्या दिवशी तक्रार करू नका. समितीतल्या दोन आयांना घेऊन टपरीवर जा, वही-पेन, बिस्किट, चिक्की ठेव म्हणा, खाऊची मागणी शाळेकडून तशीही असते. एवढ्याने बरेच जण ऐकतात. नाही ऐकलं तर ग्रामसभेचा ठराव, त्यानंतर अन्न व औषध प्रशासन आणि पोलीस. कोटपाचा दंड किरकोळ, दोनशे रुपयांपर्यंत, पण गावात चारचौघांत नाव निघालेलं लोकांना जास्त लागतं.

आता वर्गात काय करायचं. मी पहिल्या तासाला कोऱ्या चिठ्ठ्या वाटतो, नाव लिहायचं नाही, दोनच प्रश्न: तू गेल्या महिन्यात मावा, तंबाखू, बिडी काही घेतलंस का, आणि आपल्या वर्गात किती जण घेत असतील असं तुला वाटतं. दुसऱ्याचा आकडा नेहमी पहिल्यापेक्षा बराच मोठा येतो. पोरांना वाटत असतं अर्धा वर्ग खातो, आपणच मागे राहिलो. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहायचे आणि गप्प बसायचं. वर्गात जी कुजबुज सुरू होते ना, ते काम कुठलाही फोटो करत नाही.

दुसरं, नाही म्हणायचा सराव. नुसतं नाही म्हणा सांगून होत नाही, पोहायला जसं पाण्यात उतरावं लागतं तसं हे तोंडाने बोलून बघावं लागतं. जोड्या करायच्या, एकाने खडूचा तुकडा कागदात गुंडाळून पुडी म्हणून पुढे करायचा, दुसऱ्याने टाळायचं. पहिल्या फेरीत सगळे पुस्तकी बोलतात, "तंबाखू आरोग्यास घातक आहे", आणि वर्ग खो खो हसतो. हसू द्या. मग विचारा, खरंच असं बोलाल का रे? तिथून खरी भाषा सुरू होते: "घे की, एवढ्याने काय मरतोस?" "नको, दाढ लय दुखतीय." "अरे सुपारीच आहे नुसती." "आई तोंडाचा वास घेती, मार खाऊ का तुझ्यापायी?" "बायल्या आहेस का?" यावर एक पोरगं बराच वेळ गप्प राहिलं आणि मग म्हणालं, "हो आहे, चल आता सायकल काढ," आणि सगळा वर्ग टाळ्या. असली उत्तरं मोठ्या माणसाला सुचत नाहीत, ती त्यांच्यातच जन्मतात. थोडी खोटी कारणंही चालतात, मूल्यशिक्षणाचा तास नाही हा, पोराला तिथून इज्जतीत निघता आलं पाहिजे एवढंच. उठून जाणं, विषय बदलणं, सोबत एका मित्राला ठेवणं, हे सगळं दर पंधरा दिवसांनी पुन्हा पुन्हा.

गट चालवायला मॉनिटर घेऊ नका. हुशार, पहिल्या बाकावरचा, सरांचा लाडका, त्याचं या विषयात कुणी ऐकत नाही. वर्गालाच चिठ्ठीवर विचारा, तुम्ही कुणाचं ऐकता, जी नावं येतील त्यात एकदोन नग असतीलच, त्यांनाही घ्या. पण सापडलेल्या सगळ्या पोरांची वेगळी बॅच करून त्यांना एकत्र बसवणं हा प्रकार टाळा, ती एकमेकांकडून शिकतात आणि वर टोळीला शाळेनेच मान्यता दिल्यासारखं होतं.

पण हे तास म्हणजे निम्मंच काम. गोव्याच्या संगाथ संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात 74 शाळांत सेहेर नावाचा प्रयोग केला, त्यात सगळी शाळाच हाताळली: शाळेची आरोग्य समिती, महिन्याचं भित्तिपत्रक, मनातलं लिहून टाकायची पेटी, स्पर्धा, आणि ज्याला गरज त्याला एकट्याने बोलायला माणूस. दादागिरी, मारामारी, उदासी कमी झाली, शाळा आपली वाटायला लागली. पण हे झालं ते जिथे या कामासाठी वेगळा, पंचक्रोशीतलाच प्रशिक्षित माणूस होता तिथे, जिथे हेच काम शिक्षकांच्या गळ्यात मारलं तिथे फरक दिसला नाही. यात शिक्षकांचा दोष काढायचा नाहीये, जनगणना, निवडणूक, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, हे सगळं करून तो माणूस पोराशी निवांत बोलणार कधी. प्रत्येक शाळेत एक बाई आणि एक सर आरोग्यदूत म्हणून नेमायची केंद्राची योजना 2020 पासून आहे, त्यात व्यसनाचा विषयही आहे, तुमच्याकडे कागदावर नावं असतीलच. त्या दोघांची इतर दोन कामं समितीकडून ठराव करून काढून घ्या, नाहीतर ती नावं कागदावरच राहतील. आणि गावातली एखादी बीए झालेली, पोरांत रमणारी मुलगी किंवा मुलगा मिळाला तर लोकवर्गणीतून आठवड्याचे दोन दिवस लावा, तो पैसा स्लाइड शोच्या शंभरपट वसूल होतो.

पाच ते सातचा वेळ भरणं हे तिसरं. आइसलँडमध्ये 1998 ला 15-16 वर्षांची 42 टक्के मुलं मागच्या महिन्यात दारू पिऊन टाइट झालेली होती, 2016 ला ती 5 टक्क्यांवर आली. त्यांनी मुलांच्या खेळ-संगीतावर पैसा ओतला आणि पालकांना संध्याकाळी मुलांसोबत राहायला लावलं. आपल्याकडे तेवढा पैसा नाही, कबूल. पण मैदानाचं कुलूप सातपर्यंत उघडं ठेवायला, आनंददायी शनिवारला लेझीम-खोखो लावायला पैसा लागत नाही, किल्ली कुणाकडे एवढाच प्रश्न असतो. ऊसतोडीचा भाग असेल तर दिवाळीनंतर आईबाप कारखान्यावर जातात आणि पोरं आजीपाशी राहतात, त्या पाच महिन्यांत संध्याकाळ कुणी विचारणारं नसतं, तुमची यादी त्या पोरांपासून करा.

मावा सापडलेल्या त्या दोन पोरांशी कसं बोलायचं ते सांगतो. "का खाल्लास" विचारू नका, त्याला उत्तर नसतं. "पहिल्यांदा कुणी दिला, दिवसातून किती, सकाळी उठल्या उठल्या लागतो का" असं साधं विचारा. उठल्या उठल्या लागत असेल तर सवय मुरलीय, सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस चिडचिड, डोकं दुखणं, वर्गात लक्ष नाही, असं होणार, हे सगळ्या सरांना आधीच सांगून ठेवा नाहीतर त्याच दिवशी त्याला मार पडेल. तलफ आली की ती काही मिनिटांची असते, पाणी, फुटाणे, बडीशेप, एक चक्कर. सुपारी नाही, लवंग-सुपारी नाही, काही नाही. निकोटिनचा च्युइंगम डॉक्टरने सांगितल्याशिवाय मुलांना द्यायचा नाही. आणि बापाला बोलावलंत तर पोरासमोर बापाची पुडी काढू नका, तो पुन्हा शाळेत पाय ठेवणार नाही. बापाशी वेगळं बोला, बाप सोडत नसेल तरी निदान पोरासमोर खाऊ नये एवढं मागा.

मुलींचं कुणी विचारत नाही. त्यांच्या दप्तरात मावा सापडत नाही कारण त्या मशेरी घरीच लावतात, पोट दुखतं म्हणून, दात दुखतात म्हणून, आईच देते. ते बाईंनीच मुलींशी बोलायचं.

व्हाइटनर आणि पंक्चरचं सोल्युशन हुंगून काही पोरं नशा करतात, त्याबद्दल सगळ्या वर्गाला काही सांगू नका, न माहीत असलेल्यांना रेसिपी दिल्यासारखं होतं. शिक्षकांना मात्र माहीत हवं: रुमालाला, बाहीला केमिकलचा वास, तोंडाभोवती चट्टे, लाल डोळे, झिंगल्यासारखी चाल. एम्सच्या 2019 च्या देशभरच्या अहवालात हुंगायची नशा हीच एक अशी निघाली जी मोठ्यांपेक्षा लहानांत जास्त आहे, आणि एकाच वेळच्या हुंगण्यातही हृदय बंद पडू शकतं. असं पोर दिसलं तर ओरडून मागे धावू नका, शांतपणे बसवा, मोकळी हवा, आणि दवाखाना. सल्ल्याला व्यसनमुक्तीची हेल्पलाइन 14446, आणि घरी बघणारं कुणी नसेल तर मुलांची हेल्पलाइन 1098.

तारखांचं म्हणाल तर 31 मे तंबाखूविरोधी दिन भर सुट्टीत येतो आणि 26 जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला, शाळा नुकती उघडत असते, त्यामुळे दिनविशेषाच्या नादी लागू नका. सुरुवात जुलैत करा आणि दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा राखून ठेवा, सोडलेली पोरं सुट्टीत मामाच्या गावाला जाऊन पुन्हा सुरू करतात.

समिती विचारेल फरक कधी दिसणार. तीच दोन प्रश्नांची चिठ्ठी मार्चमध्ये पुन्हा घ्या आणि दोन्ही वेळचे आकडे बैठकीत ठेवा. फक्त अक्षरावरून चिठ्ठी कुणाची हे ओळखायच्या भानगडीत कुणीही पडायचं नाही. बाई अक्षर बघतात असं एकदा पोरांना कळलं की मार्चमध्ये सगळ्या चिठ्ठ्यांवर "नाही"च येईल.